पक्का बिंदू

आमच्या गावाच्या वरच्या अंगानं नीरा डावा कालवा जातो. १८७६-७७ च्या दुष्काळानंतर तो खोदला गेला आणि १८८५ च्या सुमारास त्याला पाणी सुटलं. पाण्यामागून ऊस आला, उसामागून कारखाने आले, आणि कालव्याच्या खालच्या अंगाच्या खोल काळ्या जमिनी हळूहळू चिबडायला लागल्या. चिबड म्हणजे काय, ते ज्याच्या घरी तसं रान आहे त्यालाच कळतं. वर पांढरा फुफाटा, खाली दलदल. पेरलेलं उगवत नाही, उगवलं तर पिवळं पडतं. सातबाऱ्यावर जमीन दिसते, पण कणगीत दाणा नसतो. अशा रानाला वाचवायचं तर खोल चर खणून आत साचलेलं पाणी ओढ्याला काढून द्यावं लागतं. तो चर कुठून कसा न्यायचा आणि कुठे किती खोल खणायचा, हे सांगणारा माणूस आमच्या आळीत राहत होता. सगळं गाव त्यांना तात्या म्हणायचं.

मी आयुष्यभर अकरावी-बारावीच्या मुलांना गणित शिकवलं. त्या शिकवण्यात जे काही सकस होतं, ते बहुतेक तात्यांकडून आलेलं आहे. एक समीकरण तर पुरतं त्यांचंच आहे, निदान माझ्यापुरतं. एक बिंदू आणि चढ माहीत असला की रेषा लिहिता येते, ते बिंदू-चढ रूप:

य − य१ = म (क्ष − क्ष१)

तात्यांनी ते या स्वरूपात कधी लिहिलं नाही. त्यांचं शिक्षण सातवीपर्यंतचं. पाटबंधारे खात्यात ते आधी मस्टरवर लागले, मग खलाशी म्हणून कायम झाले. खलाशी म्हणजे सर्वेच्या वेळी स्टाफ, म्हणजे आकडे आखलेली उंच पट्टी, धरून उभा राहणारा माणूस. साहेब लेव्हलच्या भिंगातून बघणार आणि याने उन्हात, चिखलात, काट्यात स्टाफ सरळ धरायचा. अशी तीसेक वर्षं उभं राहता राहता तात्या यंत्र लावायला शिकले, वाचन घ्यायला शिकले, पातळी काढायला शिकले. खात्यात नव्यानं आलेली पोरं त्यांना विचारून काम करायची. निवृत्त झाल्यावर त्यांनी जुनं डम्पी लेव्हल विकत घेतलं आणि शेतकऱ्यांच्या पाइपलाइनी, सपाटीकरण, निचऱ्याचे चर यांची कामं घ्यायला सुरुवात केली.

त्याच सुमाराला मी अकरावीला सायन्स घेतलं होतं. वडील साखर कारखान्यात हंगामी. गाळप संपलं की पगार संपला. तात्यांना जवळचं दिसेनासं झालं होतं. भिंगातलं वाचन त्यांना स्वच्छ दिसायचं, पण वहीतले बारके आकडे चष्मा लावूनही एकमेकांत मिसळायचे. त्यांनी वडिलांना विचारलं, "दादा, पोरीला सुट्टीच्या दिवशी माझ्याबरोबर धाडता का? लेव्हल बुक लिहायला. मजुरी देईन." मग मी त्यांच्याबरोबर जायला लागले. पुतण्या स्टाफ धरायचा, तात्या वाचन सांगायचे, मी लिहायची. त्या मजुरीवर माझा एस.टी.चा पास आणि वह्या निघाल्या.

तात्यांचं यंत्र लावणं बघण्यासारखं असायचं. तिपाईचे पाय ते जमिनीत असे रोवायचे की धक्का लागला तरी हलू नयेत. मग दोन स्क्रू दोन हातांनी एकाच वेळी फिरवायचे, दोन्ही अंगठे आत किंवा दोन्ही बाहेर. "बुडबुडा डाव्या अंगठ्यामागं येतो, ध्यानात ठेव," असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. मी कितीदा तरी तपासून पाहिलं, दर वेळी तसंच होतं. त्या जुन्या यंत्रातून सगळं उलटं दिसायचं. स्टाफवरचे आकडे डोक्यावर उभे, पुतण्याचे पाय आभाळात. तात्या ते उलटे आकडे न अडखळता वाचायचे, अगदी मिलिमीटरपर्यंत.

एका कामाचं सविस्तर सांगते, कारण ज्या ऋणाबद्दल लिहिते आहे त्याचं मूळ तिथं आहे.

रान चिबडलेलं होतं. एका बाजूला सडक, दुसऱ्या बाजूला ओढा. अंतरं सडकेकडेच्या मैलाच्या दगडापासून मोजायची ठरली. ओढा त्या दगडापासून ४३० मीटरवर होता. विहिरीच्या काठाचा घडीव दगड बेंचमार्क म्हणून घेतला. "त्याला शंभर धर," तात्या म्हणाले. मी विचारलं, "शंभर म्हणजे समुद्रसपाटीपासून?" ते म्हणाले, "समुद्राचं आपल्याला काय करायचंय? पाणी वढ्याला न्यायचंय. शंभर धरलं की कुठंच वजा आकडा येत नाही, एवढंच." एका वाक्यात त्यांनी मला सांगून टाकलं की शून्य कुठे ठेवायचं हे आपल्या हातात असतं. शाळेत आलेखाच्या कागदावर मधोमध छापलेल्या आरंभबिंदूला मी तोवर देवासारखं जागच्या जागी मानत आले होते.

ओढ्यात उतरायला यंत्र हलवून मधे एक चेंज पॉइंट घ्यावा लागला. ओढ्याचा तळ ९६.०५० निघाला. चराचं तोंड तळाच्या जरा वर हवं, नाहीतर पावसाळ्यात ओढा फुगला की पाणी उलटं चरात शिरतं आणि गाळ बसतो. म्हणून तोंडाची पातळी १५ सेंटिमीटर वर, ९६.२०० धरली. उतार चारशेला एक. सडकेपासून १३० मीटरपर्यंत दुसऱ्याची वस्ती होती, म्हणून चर १३० मीटरपाशी सुरू व्हायचा.

मी लगेच सडकेपासून हिशेब मांडायला घेतला. शून्य मीटरला पातळी किती, मग तिथून उतरत उतरत यायचं, असं डोक्यात. तात्यांनी हात वर केला. "थांब पोरी. पक्का कुठला?"

"म्हणजे?"

"या सगळ्या रानात पक्का बिंदू कुठला? जो आपल्याला हलवता येत नाही असा?"

मी इकडंतिकडं पाहिलं. सडकेखाली पातळी किती असावी हे कुणीच ठरवलेलं नव्हतं. १३० मीटरची खोली तर आम्हालाच काढायची होती. न हलणारी गोष्ट एकच होती: ओढा. मी ओढ्याकडे बोट दाखवलं.

"मग तिथून नीघ."

तेव्हा मी तिथून निघाले. १३० मीटरचा खुंट ओढ्यापासून ३०० मीटर मागे. चारशेला एक म्हणजे तीनशेला ०.७५०. तर त्या खुंटाला चराचा तळ ९६.९५०. जमिनीची पातळी यंत्रातून काढली: यंत्राची उंची १००.८५०, स्टाफवर वाचन २.७००, जमीन ९८.१५०. म्हणजे खणायचं १.२०० मीटर. २५० मीटरला तळ ९६.६५०, जमीन ९७.७००, खणायचं १.०५०. आकडे असे एकामागून एक येत गेले आणि पुतण्या प्रत्येक खुंटावर खडूनं खोली लिहीत गेला.

मग तात्यांनी मला एक काम सांगितलं, आणि त्यांनी ते मुद्दाम सांगितलं असणार, कारण चरासाठी त्याची काही गरज नव्हती. ३१० मीटरवर बैलगाडीच्या वाटेसाठी मोरी टाकायची होती. तिथला तळ ९६.५०० येत होता. ते म्हणाले, "आता असं समज की वढा तुला ठाऊकच नाही. मोरी पक्की. तिथून मागच्या खुंटाला जा." मी गेले. ३१० मधून १३० वजा, १८०. त्याचे चारशेला ०.४५०, ९६.५०० मध्ये मिळवले, ९६.९५०. तोच आकडा. "कुठनंबी नीघ," तात्या म्हणाले, "चर एकच हाय. फक्त ज्याच्यावरनं निघशील तो बिंदू चरावरचाच पायजे."

काही दिवसांनी कॉलेजात सरांनी फळ्यावर पॉइंट-स्लोप फॉर्म लिहिला तेव्हा वर्गातली बाकीची मुलं तो पाठ करत होती. मी मात्र फळ्यावर तो चर बघत होते. य म्हणजे पातळी, क्ष म्हणजे सडकेपासूनचं अंतर, बिंदू ओढ्याचा, आणि चढ वजा एक छेद चारशे, कारण क्ष वाढला की पातळी घटते.

य − ९६.२ = −१/४०० (क्ष − ४३०)

तात्या वरच्या अंगाला जाताना मिळवायचे आणि खालच्या अंगाला जाताना वजा करायचे. ते त्यांना डोळ्यांनी दिसायचं. समीकरणात ते आपोआप होत होतं. क्ष १३० घेतला की कंसात वजा ३०० येतात, वजाला वजा भिडतो आणि ०.७५० मिळवले जातात. रविवारी मी धावत जाऊन तात्यांना हे दाखवलं. त्यांनी वही डोळ्यांपासून लांब धरून ते नीट पाहिलं आणि म्हणाले, "हे बरं हाय. चुकीला जागाच ठेवली नाही."

आणि त्या समीकरणात क्षला शून्य घातलं तर? ९७.२७५. म्हणजे रेषा मागे वाढवली तर सडकेखाली, मैलाच्या दगडापाशी, तळ इतका येईल. पण तिथं चर नाही आणि कधी होणारही नव्हता. पुस्तकात सगळ्यांचं लाडकं रूप य = म क्ष + क, आणि त्यातला तो क म्हणजे नेमका हाच आकडा: रेषा य-अक्षाला कुठे छेदते. आलेख काढायला ते रूप सोपं आहे, मी त्याची निंदा करत नाही. पण खऱ्या कामात तो क पुष्कळदा अशा जागी पडतो जिथं कुणी उभंच राहू शकत नाही. तात्यांच्या कालव्याचं उदाहरण घ्या. कालव्याच्या त्रेचाळिसाव्या किलोमीटरला तळाचा उतार माहीत आहे, पातळी माहीत आहे. तो उतार मागे ओढत मुखापर्यंत नेला तर मुखाची खरी पातळी येणारच नाही, कारण मध्ये ठिकठिकाणी फॉल, म्हणजे पाणी एकदम खाली उतरवणाऱ्या पायऱ्या, बांधलेले असतात आणि उतारही बदलत आलेला असतो. त्या एका तुकड्याची रेषा त्या तुकड्यापुरतीच खरी. तिला तिच्याच अंगावरच्या बिंदूनं ओळखावं, शून्यापाशी नेऊन नव्हे.

माझं गाऱ्हाणं पुढच्या पायरीबद्दल आहे. मुलानं बिंदू-चढ रूपात समीकरण सुरेख लिहिलं की आम्ही शिक्षक त्याला लगेच सांगतो, आता कंस सोड, छेद काढून टाक, सगळं एका बाजूला आण, बरोबर शून्य लिही. वरच्या चराचं मग होतं: क्ष + ४०० य − ३८९१० = ०. बघा यात ओढा कुठे दिसतो का. उतार कुठे दिसतो का. दोन्ही आत आहेत, पण गाडले गेले आहेत, आणि मुलाला ते परत उकरून काढावे लागतात. दोन उत्तरं ताडून बघायला हे रूप उपयोगी आहे, तेवढ्यापुरतं ते जरूर शिकवावं. पण ज्या मुलानं बिंदू आणि चढ दोन्ही उघडे ठेवून उत्तर लिहिलं त्याला मी कायम पूर्ण गुण दिले.

हे समीकरण गुणाकाराच्या रूपातच का लिहायचं, हाही प्रश्न मला तात्यांच्या खुंटांवरून सुचला. चढ म्हणजे पातळीतला फरक भागिले अंतरातला फरक. मग सरळ भागाकारच का लिहू नये? कारण स्वतः ओढ्याच्या बिंदूपाशी दोन्ही फरक शून्य होतात आणि शून्याला शून्यानं भागता येत नाही. म्हणजे भागाकाराच्या रूपात रेषेवरचे सगळे बिंदू येतात आणि नेमका आपला पक्का बिंदू गळतो. गुणाकारात तो आत येतो. मुलांना हे सांगितलं की वर्गात क्षणभर शांतता होते, आणि ती शांतता मला आवडते.

एकदा नव्या घराच्या भिंतीला ओळंबा लावताना मी तात्यांना विचारलं, या भिंतीचा चढ किती? ते म्हणाले, "भिंतीला चढ इचारू नये. ती कुठं उभी हाय तेवढंच इचारावं." उभ्या रेषेला चढ नसतो, तिथं हे सूत्र चालत नाही आणि नुसतं क्ष = क्ष१ लिहायचं असतं. पाठ्यपुस्तकातली ती टीप मी आजवर याच शब्दांत सांगत आले.

पुढे एम.एस्सी. करताना गणिताचा इतिहास वाचायला मिळाला आणि तिथं एक माणूस भेटला, ज्याच्याविषयी तात्यांना सांगितल्याशिवाय मला राहवलं नाही. देकार्तचं भूमितीचं पुस्तक १६३७ चं. बीजगणित आणि भूमिती तिथं एकत्र आली. पण रेषेचं हे साधं बिंदू-चढ समीकरण स्पष्टपणे लिहिलेलं प्रथम सापडतं ते गास्पार मोंजच्या १७८४ साली छापलेल्या निबंधात, असं इतिहासकार कार्ल बॉयर यांनी नोंदवलं आहे. मधे जवळजवळ दीडशे वर्षं गेली. मोंजचा जन्म १७४६ मध्ये फ्रान्समधल्या बोन गावी, एका साध्या व्यापाऱ्याच्या घरी. मेझिएरच्या लष्करी अभियांत्रिकी शाळेत त्याला घेतलं ते विद्यार्थी म्हणून नव्हे, नकाशे काढणारा म्हणून, कारण तो सरदार घराण्यातला नव्हता. तिथं तटबंदीचा एक किचकट हिशेब त्यानं आकडेमोडीऐवजी भूमितीनं इतक्या झटकन सोडवला की वरच्या अधिकाऱ्यांचा आधी विश्वासच बसेना. माती एकीकडे खणून दुसरीकडे भर घालायची तर ती कमीत कमी कष्टात कशी वाहून न्यावी, यावरही त्याचा १७८१ चा निबंध आहे. तात्यांनी बाकीचं सगळं ऐकून घेतलं, पण मातीचं ऐकल्यावर ते सरसावून बसले. खणलेली माती कुठं टाकायची यावरून प्रत्येक चराच्या कामात भांडणं व्हायची, आणि तो प्रश्न एका फ्रेंच माणसानं गणितात घेतला होता याचा त्यांना मनापासून आनंद झाला. त्यांनी मला तो निबंध मराठीत करून द्यायला सांगितलं. ते काम माझ्या हातून अजून झालेलं नाही. या ऋणाचा तो हप्ता बाकी आहे.

पैशांचं ऋणही होतं. बारावीनंतर पुण्याला पाठवायचं की नाही यावर घरात खल चालू होता. तात्या आले, चहा घेतला आणि वडिलांना म्हणाले, "दादा, पोरीला आकडा कळतो. तिला शिकू द्या." पहिल्या वर्षाचं मेसचं बिल त्यांनी भरलं. नोकरी लागल्यावर मी ते पैसे घेऊन गेले तर ते म्हणाले, "तुझी चराची मजुरी बाकी व्हती. मी तेवढीच दिली." तशी काही मजुरी बाकी नव्हती. लेव्हल बुकासारखाच मजुरीचा हिशेबही मीच लिहीत होते, हे त्यांना ठाऊक होतं.

परतफेड म्हणावी अशी एकच गोष्ट माझ्या हातून झाली, आणि तीही याच सूत्रातून. सेल्सिअस आणि फॅरनहाइट यांचं नातं सरळ रेषेचं आहे, चढ ९/५. मुलं ते शून्याला ३२ असं पाठ करतात. म्हणजे पुन्हा तोच क. पण निघायला बिंदू आपण निवडायचा असेल तर या रेषेवर एक फार देखणा बिंदू आहे: उणे ४०. तिथं दोन्ही मापांचा आकडा एकच असतो. तो पक्का धरला की समीकरण होतं, फ + ४० = ९/५ (स + ४०). म्हणजे ४० मिळवा, ९/५ नं गुणा, ४० वजा करा. उलट जायचं तर तेच, फक्त ५/९. तात्यांनी विचारलं, "हे उणे चाळीस शोधलंस कसं?" मी दाखवलं: दोन्ही आकडे सारखे धरायचे आणि समीकरण सोडवायचं. त्यांनी ते पुन्हा पुन्हा करून पाहिलं. ९/५ चा गुणाकार त्यांनी स्वतःच्या पद्धतीनं सोपा केला: दुप्पट करायची आणि त्यातला दहावा हिस्सा काढून टाकायचा.

पुढच्या पावसाळ्यात मी गावी गेले होते. तात्यांच्या नातवाला ताप होता. सुनेनं शहरातून नवा थर्मामीटर आणला होता, तो सेल्सिअस दाखवणारा. तिनं वाचून दाखवलं, "साडेअडतीस." घरात कुणाला त्यावरून काही कळेना, कारण आमच्याकडे ताप शंभरावर मोजतात. तात्या खाटेवर बसून होते. ते पुटपुटले, "साडेअठ्ठ्याहत्तर. दुप्पट एकशे सत्तावन्न. त्यातनं पंधरा पूर्णांक सात गेले, एकशे एक्केचाळीस पूर्णांक तीन. चाळीस गेले." मग सुनेकडे वळून म्हणाले, "एकशे एकच्या वर हाय. कपाळावर पट्ट्या ठेव आणि डॉक्टरला बोलाव."